चार पानी परिपत्रक आणि सहा दहाची बस

प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेसहाशे माणसांचा सुट्या भागांचा कारखाना. शंभरेक जण ऑफिसात, बाकीचे तीन पाळ्यांत शॉप फ्लोअरवर, त्यातले निम्मे ठेकेदाराचे. एचआरकडून मेल जातात, नोटीस बोर्ड भरलेला असतो, व्हॉट्सॲपचे पाच-सहा गट आहेत, तरी ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ हे वाक्य रोज ऐकू येतं. आता मॅनेजमेंटचं म्हणणं असं की एक ॲप घ्या आणि ज्याला जे लागतं तेवढंच त्याला दिसेल असं करा. तर कर्मचाऱ्यांचे गट कसे पाडायचे आणि कुणाला किती सांगायचं?

मी 22 वर्षं एचआरमध्ये काढली, भोसरी आणि चाकण, मध्ये चार वर्षं वाळूज. पहिली काही वर्षं टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरीची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसच्या, खिडकीमागे होतो. त्यामुळे उत्तर त्या खिडकीतून दिसलं तसंच देतो.

गट पाडण्यापासून सुरुवात करू नका. गट पाडायला बसलं की हात आपोआप ऑर्गनायझेशन चार्टकडे जातो. प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, स्टोअर, डिस्पॅच, मग ग्रेड, मग कायम आणि कंत्राटी. ही विभागणी कंपनीला हिशेबासाठी लागते. पण रात्री साडेदहाला गेटवर कार्ड पंच होत नाही म्हणून खोळंबलेला माणूस क्वालिटीचा आहे की मेंटेनन्सचा, यानं त्याच्या प्रश्नात काडीचा फरक पडत नाही. आत कसं जायचं आणि आजची हजेरी लागणार का, एवढंच त्याला हवं असतं. उलट एकाच लाइनवर, एकाच ग्रेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचं गेल्या महिन्यात लग्न झालेलं असतं आणि दुसरा दिवाळीनंतर निवृत्त होणार असतो. पीएफबद्दल दोघांच्या हातात एकच कागद दिला, तर दोघंही तो घडी घालून खिशात ठेवतात आणि तो तिथेच धुतला जातो.

म्हणून मी आधी विचारतो, हे कळल्यावर माणसानं नेमकं काय करायचंय, कधी करायचंय, आणि त्या वेळी तो कुठे उभा असेल? या तिन्हींची उत्तरं मिळाली की गट आपोआप पडतात. ते खात्यांप्रमाणे पडत नाहीत.

बसचं उदाहरण घ्या. एका कारखान्यात आम्ही ही नोटीस लावली होती, आणि मसुदा माझाच होता :

‘सर्व कर्मचाऱ्यांना याद्वारे कळविण्यात येते की, वाहतूक कंत्राटातील बदलाच्या अनुषंगाने बसमार्ग क्र. 3, 5 व 7 यांच्या वेळापत्रकात प्रशासकीय कारणास्तव अंशतः बदल करण्यात येत असून, सुधारित वेळापत्रक सोबत जोडले आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.’

सोबतचं वेळापत्रक एका पानावर बसवायचं म्हणून अक्षरं तांदळाच्या दाण्याएवढी. सोमवारी फर्स्ट शिफ्टला मोशीच्या स्टॉपवरची बरीच मंडळी राहिली, कारण बस येऊन निघून गेली होती. ‘मार्ग क्रमांक 5’ हे नाव फक्त ठेकेदाराच्या बिलावर असायचं. माणसांच्या तोंडी ती ‘मोशीची बस’ होती. नोटीस वाचली असती तरी ती आपल्याबद्दल आहे हे कळलं नसतं.

पुढच्या वेळी वेळ बदलली तेव्हा गुरुवारीच त्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर, मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला : ‘सोमवारपासून ही बस मोशीहून सकाळी 6:10 ला निघेल. आता 6:25 ला निघते. परतीची वेळ तीच.’ बाकीच्या बसमध्ये काही लावलं नाही, नोटीस बोर्डावरही नाही. आमच्या साहेबांना ते पटलं नाही, ‘रेकॉर्डला काय दाखवायचं?’ म्हणाले. रेकॉर्डसाठी फाइलला जुन्या भाषेतला कागद लावला. त्याला माझी हरकत नव्हती. कायद्यासाठीचा कागद आणि माणसासाठीचा कागद वेगळे असू शकतात. दोन्हीकडे तोच मजकूर चिकटवायचा हट्ट धरला की गडबड होते.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 108 मध्ये लिहिलं होतं की नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, प्रवेशद्वारापाशी किंवा त्याच्या जवळ, ठळक जागी लावाव्यात. म्हणजे कुठे लावायचं आणि कुणाला समजलं पाहिजे, याचा विचार 1948 सालीच झाला होता. आपण त्यातलं ‘लावाव्यात’ तेवढं घेतलं, ‘समजेल’ सोडून दिलं. आपल्या बोर्डांवर कायद्याचा गोषवारा काचेच्या आत, कुलपात, वर ट्यूबलाइटची चमक, आणि मराठी अशी की वकिलालाही दोनदा वाचावं लागेल.

आता दुसरी गोष्ट. ही माझी चूक आहे आणि अजूनही मनाला लागते. पीएफच्या ई-नॉमिनेशनचं परिपत्रक काढलं होतं, चार पानी, स्क्रीनशॉटसकट. मला त्याचा अभिमानही होता. त्यात तिसऱ्या पानावर कुठेतरी होतं की लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द होतं आणि नव्यानं करावं लागतं. वर्षभरात हीट ट्रीटमेंट खात्याचा एक मुलगा अपघातात गेला, कारखान्याबाहेर, हायवेवर. नॉमिनी आई होती, लग्नाआधी केलेली. बायको पदरात लहान मूल घेऊन कागदपत्रांसाठी चकरा मारत राहिली. आई आणि सून दोघी समंजस होत्या म्हणून निभावलं. कार्यालयात मला कुणीतरी म्हणालं, ‘तुम्ही सर्क्युलर काढलं होतं ना?’ काढलं होतं. सहीनिशी पोच पण होती.

त्यानंतर पद्धत बदलली. परिपत्रक सगळ्यांना पाठवायचं बंद केलं. लग्नासाठी रजा कुणी घेतली ते टाइम ऑफिसला कळतंच. मेडिक्लेममध्ये बायकोचं किंवा मुलाचं नाव कुणी घातलं तेही कळतं. त्या याद्या महिन्याला एकदा काढायच्या, बस, एवढाच गट. त्यांना कागद द्यायचाच नाही. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात एक टेबल, लॅपटॉप, आणि आमच्यातला एक पोरगा. तिथे बसल्यावर खरी अडचण समजली. नॉमिनेशन करायला हवं हे बऱ्याच जणांना माहीत होतं. त्यांचं अडायचं ते ओटीपीवर. आधारला जोडलेला नंबर जुना, सिम केव्हाच बंद. किंवा मोबाइल लॉकरमध्ये, कारण शॉप फ्लोअरवर मोबाइलला बंदी. किंवा पोर्टलवर स्वतःचा फोटो चढवलेला नाही, आणि त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. चार पानांत मी या तिन्हींपैकी एकही लिहिलं नव्हतं, कारण मी स्वतः माझ्या टेबलावरून, मोबाइल शेजारी ठेवून, पहिल्याच फटक्यात केलं होतं. नंतर आम्ही फक्त एवढा निरोप पाठवायला लागलो : ‘उद्या कँटीनला येताना मोबाइल लॉकरमधून काढून आणा, सिक्युरिटीला सांगितलंय. बायकोच्या आधारचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. दहा मिनिटं लागतील.’

तर तुमच्या प्रश्नाला हात घालण्याआधी दोन आठवडे एक काम करा. टाइम ऑफिसच्या खिडकीत दोनशे पानी वही ठेवा. जो येईल त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा, सुधारून लिहू नका. वेळ आणि पाळी लिहा. नाव लिहू नका, नाहीतर लोक येणं बंद करतील. अशीच एक वही ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे, एक डिस्पेन्सरीत. डिस्पेन्सरीतली वही सगळ्यांत बोलकी निघते, हा माझा अनुभव. दोन आठवड्यांनी वाचा. ‘ओटी (ओव्हरटाइम) या महिन्यात धरली का पुढच्या?’, ‘खाडा लागला पण मी तर आलो होतो’, ‘ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड आलं नाही, बायको भरती आहे, काय करू?’, ‘पगार 7 ला नाही आला तर कुणाला विचारायचं?’ तुमच्या गेल्या सहा महिन्यांच्या नोटिसा याच्या शेजारी ठेवा. व्हिजन-मिशन, एमडींचा संदेश, ऑडिटची तयारी, वृक्षारोपणाचे फोटो. दोन्हींत सामाईक काय सापडतं ते स्वतःच बघा.

शब्दांबद्दल इथेच बोलून घेतो, कारण त्या वहीचा निम्मा फायदा शब्दांचा आहे. माणूस ‘खाडा’ म्हणतो, आपण ‘विनापरवाना अनुपस्थिती’ लिहितो. तो ‘पीएल’ म्हणतो, आपण मराठी शुद्ध करायच्या नादात ‘अर्जित रजा’ लिहितो, आणि तो समजतो ही कुठली तरी नवीन रजा आली. सोपं मराठी म्हणजे इंग्रजी शब्द काढून टाकणं असा एक गैरसमज आपल्या ऑफिसांत आहे. पेस्लिपला ‘वेतनपत्रक’ म्हणून तुम्ही कुणाचं भलं करत नाही. आणि उलटंही खरं. ‘रिकन्सिलिएशन’, ‘एन्टायटलमेंट’ हे शब्द देवनागरीत लिहिले म्हणून मराठी होत नाहीत. खिडकीत जो शब्द आला तो वापरायचा. बास.

इंट्रानेट असेल तर तिथेही हेच. तुमच्या ऑफिसातल्या शंभर जणांसाठी पानं खात्यांप्रमाणे लावलेली असणार : एचआर, त्यात पॉलिसीज, त्यात लीव्ह, त्यात पीडीएफ. माणूस शोधाच्या चौकटीत रोमन लिपीत ‘पगार स्लिप’ टाइप करतो आणि ‘काहीही सापडले नाही’ असं येतं. आयटीवाल्यांकडून त्या चौकटीत काय काय टाइप झालं आणि काय सापडलं नाही याची यादी महिन्याला मागून घ्या. ती यादी म्हणजे ऑफिसातली खिडकीची वही.

आता कारखान्यातली माझी सगळ्यांत आवडती कापाकापी सांगतो, कारण माहिती बेतून देणं म्हणजे काय हे तिच्यात नीट दिसतं. रसायनांचं सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस. त्याचे ठरावीक 16 भाग असतात. थिनरचा एसडीएस घ्या. छापला तर दहा-बारा पानं सहज. ऑडिटर येतो म्हणून आपण तो पेंट शॉपच्या दाराशी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लटकवतो. धूळ बसते. कुणी वाचत नाही, आणि खरं सांगायचं तर पेंट शॉपच्या माणसानं तो पूर्ण वाचावा अशी अपेक्षाच चूक आहे. भाग 9 मधली बाष्पदाबाची आकडेमोड त्यानं काय करायची?

पण तेच 16 भाग कुणाकुणाला लागतात ते बघा. स्टोअरवाल्याला भाग 7, हाताळणी आणि साठवण : कशाशेजारी ठेवायचं नाही. फायर टीमला भाग 5. सांडलं तर जो पहिल्यांदा तिथे पोचेल त्याला भाग 6. डिस्पेन्सरीतल्या सिस्टरला भाग 4, प्रथमोपचार, आणि डॉक्टरांना त्याच्या जोडीला 11. टाकाऊ डबे नेणाऱ्याला 13. टेम्पोवाल्याला 14. फवारणीची गन हातात धरणाऱ्याला मुख्यतः 8 (काय घालून काम करायचं) आणि 4, तेही एका नजरेत. म्हणजे एकच कागद, सात-आठ गिऱ्हाइकं. आम्ही पेंट शॉपसाठी तळहाताएवढं कार्ड केलं, लॅमिनेट करून मिक्सिंगच्या टेबलावरच, डोळ्यांच्या उंचीला :

‘थिनर. वाफही पेट घेते.
ओतताना दोन्ही डब्यांना अर्थिंगची क्लिप.
मास्क काळा काडतूसवाला, कापडी नाही.
डोळ्यात उडालं : नळावर 15 मिनिटं पाणी, बोलणं नंतर.
पेटलं : पाणी मारू नका. शेजारचा लाल सिलिंडर.
सांडलं : कोरडी वाळू, बादली दाराशी आहे.’

‘काडतूसवाला’ हा शब्द त्यांचाच. मी ‘ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज’ लिहून आणलं होतं. पेंटरनं वाचलं आणि विचारलं, ‘म्हणजे तो काळा काडतूसवाला ना?’ लगेच तसं केलं. पांढरा कापडी मास्क घालून फवारणी करणारे लोक मी पाहिलेत. त्यांना मास्क घालायला सांगितलेलं असतं, कुठला ते नसतं.

मात्र एक गोष्ट विसरू नका. कार्ड लावलं म्हणून फोल्डर काढायचा नाही. पूर्ण कागद ज्याला पाहायचाय त्याला तो मागितल्याबरोबर मिळाला पाहिजे. भोपाळची दुर्घटना 1984 च्या डिसेंबरातली. त्यानंतर 1987 च्या दुरुस्तीनं धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणं कारखान्यावर बंधनकारक झालं. बेतून देण्याच्या नावाखाली कुणी माहिती दडपायला लागला तर त्याला याची आठवण करून द्यायची. छोटं कार्ड हे दार आहे. आतली खोली कुलूपबंद करायची परवानगी त्यातून मिळत नाही.

भाषेचा आणखी एक पदर आहे. निम्मे लोक ठेकेदाराचे म्हणता, म्हणजे त्यात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं असणारच. नोटीस मराठीत केली की काम झालं असं आपल्याला वाटतं. त्यांना वाटतं ती कायम कामगारांसाठी आहे. हिंदीत छापलं तरी वाचायचा कंटाळा असलेले, किंवा वाचता न येणारे असतात. तिथे मी ठेकेदाराच्या मुकादमाच्या आवाजात व्हॉइस नोट करून घेतो, चाळीस सेकंदांच्या आत. एचआरच्या आवाजातली कुणी ऐकत नाही, मुकादमाची ऐकतात. ओडिया मुलांसाठी त्यांच्यातल्याच एकाकडून बोलवून घ्यायची. आधी त्याला मजकूर समजलाय का हे त्याच्याकडून उलटं विचारून घ्या. एकदा ‘शनिवारी भरपाई म्हणून काम आहे’ याचं ‘शनिवारी काम केलं तर भरपाई मिळेल’ असं झालं होतं, आणि तो शनिवार मी विसरणार नाही.

सुपरवायझर. यावर खरं तर स्वतंत्र लिहायला हवं. तुमची कितीही ॲपं असोत, शॉप फ्लोअरवरचा माणूस खात्री करायला शेवटी आपल्या सुपरवायझरकडेच जातो. ‘साहेब, हे खरं का?’ आणि सुपरवायझरलाच ते माहीत नसेल तर तो दोनपैकी एक करतो : ठोकून देतो, नाहीतर ‘वरच्यांना विचारा, आम्हाला कोण सांगतंय’ म्हणतो. दुसरं जास्त महाग पडतं. म्हणून माझा नियम असा की कुठलीही गोष्ट कामगारांना कळायच्या किमान एक पाळी आधी सुपरवायझरला कळली पाहिजे, तिन्ही पाळ्यांच्या. आणि त्याला वेगळा कागद द्यायचा. काय बदललं, कुणाला लागू, लोक काय विचारतील आणि त्याचं उत्तर काय. खाली एक ओळ : ‘यापलीकडे विचारलं तर अमक्या एक्स्टेन्शनला पाठवा, अंदाजानं सांगू नका.’ शिफ्ट मीटिंगच्या पाच मिनिटांत मावेल एवढंच. त्यात आधीच क्वालिटीच्या तक्रारी, कालचं रिजेक्शन, सेफ्टी हे सगळं असतं. तुम्ही त्याच्याकडून फक्त दोन मिनिटं मागताय हे लक्षात ठेवा.

अलीकडचं उदाहरण देतो म्हणजे हे नुसतं बोलणं वाटायला नको. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर फिरायला लागलं की हातात येणारा पगार कमी होणार. ‘वेतना’ची व्याख्या बदलली, एकूण मोबदल्याच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त भत्ते असतील तर वरची रक्कम वेतनात धरायची, वगैरे. एका ओळखीच्या कारखान्यानं कन्सल्टंटचं बावीस स्लाइडचं प्रेझेंटेशन जसंच्या तसं सगळ्यांना पाठवलं. स्लाइड्स चांगल्या होत्या, पेरोलवाल्यांसाठी.

शॉप फ्लोअरचा प्रश्न एकच होता : माझा पगार कमी होणार का? ज्यांचा पीएफ 15,000 रुपये वेतनाच्या मर्यादेवरच कापला जातो त्यांच्या कपातीत या व्याख्येमुळे फरक पडत नाही. ही एक ओळ, आणि शेजारी त्यांच्यातल्याच सर्वसाधारण पेस्लिपचा आधीचा आणि नंतरचा नमुना, एवढ्यानं गोंधळ निवला असता. मुदतीच्या करारावर असलेल्यांसाठी वेगळी, आणि आनंदाची बातमी होती : त्यांना आता एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी, पूर्वीसारखी पाच वर्षं थांबायला नको. ती त्या बावीस स्लाइडमध्ये सतराव्या क्रमांकावर होती. ज्यांना ती हवी होती त्यातल्या बऱ्याच जणांना कंपनीचा ईमेलच नव्हता. निवृत्तीला आलेल्यांना ग्रॅच्युइटीचा हिशेब वाढेल का हे हवं होतं. मॅनेजरांना हवं होतं की माझ्या खात्याचं बजेट किती हलेल. एक कायदा, चार प्रश्न, आणि चारही उत्तरं एकमेकांशी जुळणारी असायला हवीत. कारण ही माणसं कँटीनमध्ये एकाच टेबलावर बसतात आणि कागद शेजारी शेजारी ठेवून बघतात. तिथे दोन आकडे वेगळे निघाले की तुमचं पुढचं वर्षभराचं बोलणं वाया.

आणि काही गोष्टी अजिबात बेतायच्या नाहीत. अपघात झाला, माणूस गेला, ले-ऑफ आहे (काम नाही म्हणून लोकांना काही दिवस घरी बसवायचं आहे), एखादी लाइन दुसऱ्या प्लांटला हलणार आहे, बोनस कमी आहे. अशा वेळी सगळ्यांना एकच मजकूर, एकाच वेळी, आणि शक्य तितका वरच्या माणसाच्या तोंडून. इथे ‘ज्याला जेवढं लागतं तेवढं’ हा शहाणपणा केलात की प्रत्येक गट दुसऱ्याला काय सांगितलं असेल याचा अंदाज बांधत बसतो, आणि युनियनच्या कमिटी मेंबरकडे तुमच्यापेक्षा पूर्ण चित्र तयार होतं. तिसरी पाळी विसरू नका. सकाळी अकराच्या सभेत सगळ्यांना सांगितलं असं आपण म्हणतो, तेव्हा त्या पाळीची माणसं घरी झोपलेली असतात. साहेबांना रात्री अकराला यावं लागलं तर यावं. मी एका प्लांट हेडना असं आणलं होतं. ते कुरकुरत आले, पण तिथे त्यांना जे प्रश्न विचारले गेले ते दिवसा कुणी विचारले नव्हते.

जागेचं एक उदाहरण राहिलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीचा आदेश ठळक जागी लावावा लागतो. आपण तो मेन गेटच्या बोर्डावर लावतो, जिथे सिक्युरिटीचे दोघं, ड्रायव्हर आणि चहावाला कायम उभे असतात. तिथे थांबून फोन नंबर लिहून घेणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. तो कागद गेटवरही राहू द्या, पण दुसरा महिलांच्या चेंजिंग रूममध्ये आणि स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा. समितीतल्या बाहेरच्या सदस्याचा नंबर मोठ्या अक्षरात, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते हे ठळक. आमच्याकडे हे केलं तेव्हा कागदाच्या खाली नंबरच्या फाडून न्यायच्या पट्ट्या होत्या. त्यातल्या दोन पट्ट्या एका आठवड्यात गेल्या. कुणी नेल्या ते विचारायचं नसतं.

मॅनेजरांना पाठवायच्या रिपोर्टांबद्दल फार लिहीत नाही. त्यांना कमी माहिती मिळते अशी तक्रार मी कधी ऐकली नाही. रोजचा एमआयएस, म्हणजे आकडेवारीचा रिपोर्ट, पाठवणं एक आठवडा बंद करून बघा. ज्याचा फोन येईल त्याला तो लागतो. त्याला विचारा कुठली ओळ बघता, आणि तेवढीच पाठवा.

व्हॉट्सॲपचे गट आहेत म्हणालात. त्यात एक धोका आहे. माहिती माणसापुरती बेतायला लागलं की नावासकट याद्या तयार होतात, आणि याद्या गटात पडायला वेळ लागत नाही. ॲडव्हान्स घेतलेल्यांची यादी, मेडिकल अनफिट आलेल्यांची यादी. एका ठिकाणी ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टची अख्खी एक्सेल शीट लाइनच्या गटावर गेली, आणि प्रेस मशीनवरच्या एका चांगल्या माणसाला लोक ‘बहिऱ्या’ म्हणायला लागले. त्यानं सहा महिन्यांत नोकरी सोडली. ज्या माहितीत एकाच माणसाचं नाव आहे ती त्या माणसालाच, समोरासमोर किंवा बंद पाकिटात.

उरलं ॲप. घ्या, माझा विरोध नाही. पण वहीचे दोन आठवडे झाल्यावर घ्या, आणि विक्रेत्याला डेमो कॉन्फरन्स रूममध्ये देऊ देऊ नका. त्याला तिसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसवा. ठेकेदाराच्या चार-पाच मुलांचे मोबाइल घ्या, स्क्रीन तडकलेले, स्टोरेज भरलेलं, डेटा संपत आलेला. कंपनीचा ईमेल नसताना लॉगिन होतं का? नंबर बदलला तर कोण बदलून देतं, आणि रात्री दोन वाजता देतं का? ठेकेदार बदलला तर त्या मुलाच्या जुन्या पेस्लिपा त्याला दिसत राहतात का? ‘खाडा’ असं टाइप केलं तर काही सापडतं का? मजकूर वाचून दाखवता येतो का? आणि मोबाइल लॉकरमध्ये असलेल्या आठ तासांत काही बदललं तर त्याला ते कसं कळणार? शेवटच्या प्रश्नाला विक्रेता ‘नोटिफिकेशन जाईल’ असं म्हणेल. त्याला लॉकर दाखवा.